वही उघडण्याची वेळ

(एलूल महिन्यातील एका रविवारी एडिसन येथे मंडळीसमोर झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)



एलूल हा आपल्याकडे हिशेबाचा महिना. सेलिहोत म्हणताना आपण वर्षभराच्या वागणुकीचा जमाखर्च मांडतो. आज मला दुसऱ्या एका जमाखर्चाविषयी बोलण्यास सांगितले आहे. उत्पन्न थोडे आणि कर्ज मोठे झाले, तर माणसाने काय करावे, असा हा विषय. मी वकील नाही, हिशेबनीसही नाही. माझा अधिकार एवढाच, की मी ऋणको होतो आणि काही वर्षांपूर्वी मी दिवाळखोरीचा अर्ज केला. हे वाक्य या सभागृहात मी प्रथमच मोठ्याने उच्चारीत आहे.

आपल्या भाषेत या गोष्टीला जे शब्द आहेत, ते सगळे मान खाली घालायला लावणारे आहेत. मुंबईत आमच्या शाळेत गरीब मुलांना जी फीमाफी मिळे, तिला 'नादारी' म्हणत. वर्गात नादारीची यादी वाचली जाई, तेव्हा माझे नाव येण्याआधीच माझे कान तापत. पुढे कळले, की कायद्याच्या मराठीतही कर्ज फेडण्यास असमर्थ ठरण्याला नादारीच म्हणतात. वर्गातील ती लाज मी समुद्रापलीकडे बरोबर घेऊन आलो, आणि तिनेच माझे सर्वांत मोठे नुकसान केले.

माझी हकिकत थोडक्यात सांगतो. येथील रॅरिटन सेंटरमधील एका गोदामात मी कामाला होतो. घरात आम्ही तिघे. वर्षाची कमाई चौतीस हजार डॉलरच्या आसपास. पत्नीची शस्त्रक्रिया झाली, त्याच वर्षी माझे कामाचे तास कमी झाले. घरभाडे पगारातून जाई आणि वाणसामान क्रेडिट कार्डावर येई. मग एका कार्डाचा हप्ता दुसऱ्या कार्डावरून उचलून भरू लागलो. तीन वर्षांत कर्ज एकेचाळीस हजारांवर गेले. पाकिटे येत, आणि मी ती न फोडता स्वयंपाकघरातील खणात टाकीत असे. खण भरला, तेव्हा खालचा खण रिकामा केला.

त्या काळात मी चार चुका केल्या. त्या सांगणे हेच आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे.

पहिली चूक रुग्णालयाच्या बिलाची. न्यू जर्सीत 'चॅरिटी केअर' नावाची योजना आहे. कुटुंबाचे उत्पन्न केंद्र सरकारच्या दारिद्र्यमर्यादेच्या २०० टक्क्यांपर्यंत असेल आणि शिल्लकही ठरावीक मर्यादेत असेल, तर रुग्णालयाचे बिल पूर्ण माफ होऊ शकते. ३०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना काही अंशी सवलत मिळते. उपचार झाल्यानंतरही अर्ज करता येतो. मात्र ही माफी रुग्णालयाच्या आकारणीपुरती असते, स्वतंत्रपणे बिल पाठवणाऱ्या डॉक्टरांना ती लागू होत नाही. मी विचारलेच नाही. विचारणे म्हणजे नादारीच्या यादीत पुन्हा नाव घालणे, असे मला वाटले, आणि ते बिल मी कार्डावर चढवले.

दुसरी चूक निवृत्तीच्या पैशाची. माझ्या ४०१-के खात्यात अकरा हजार डॉलर होते. ते मुदतीपूर्वी काढले, त्यावर कर भरला, वर दहा टक्के दंड भरला आणि उरलेले कार्डवाल्यांना दिले. सहा महिन्यांत कार्डे पुन्हा भरली. नंतर समजले, की त्या खात्याला दिवाळखोरीतही कायद्याचे संरक्षण असते. जी पुंजी कोणताही धनको माझ्याकडून नेऊ शकला नसता, ती मीच जाऊन त्याच्या हाती दिली.

तिसरी चूक 'कर्ज निम्म्यावर आणून देतो' म्हणणाऱ्या एका कंपनीची. त्यांनी मला कार्डांचे हप्ते थांबवून त्यांच्याकडे रक्कम साठवायला सांगितले. तडजोड काही वेळा खरोखर होते, हे नाकारत नाही. पण ती होईपर्यंत व्याज वाढत राहते आणि धनको दावाही लावू शकतो. माझ्यावर दोन दावे लागले. शिवाय माफ झालेली रक्कम ६०० डॉलर वा त्याहून अधिक असेल, तर ती सामान्यतः उत्पन्न म्हणून करखात्याला कळवली जाते. माणूस त्या वेळी नादार होता हे दाखवता आले, तरच त्या करातून सूट मिळते. दिवाळखोरीत माफ झालेल्या कर्जावर असा कर लागत नाही.

चौथी चूक मी करणार होतो, पण थोडक्यात वाचलो. ती शेवटी सांगेन.

समन्स हाती पडले, तेव्हा मुलीने मला लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी या संस्थेत फोन करायला लावला. दिवाणी प्रकरणांत अल्प उत्पन्नाच्या लोकांना ही संस्था विनामूल्य कायदेशीर मदत देते, आणि तिचे कार्यालय याच एडिसन गावात आहे. तिच्यावरून मी किती वर्षे गाडी नेली असेन! तेथील वकीलबाईंनी पहिल्या भेटीत एकच मागणी केली. 'ते दोन्ही खण घेऊन या.'

मग त्यांनी टेबलावर पाकिटे फोडली आणि सर्व वाटा समोर मांडल्या. त्या आपणही ऐकाव्यात.

काही वेळा काहीच न करणे हीदेखील वाट असते. ज्यांचे उत्पन्न केवळ सोशल सिक्युरिटीचे आहे आणि ज्यांच्या नावे मालमत्ता नाही, त्यांचे ते उत्पन्न कार्डवाल्यांसारख्या खाजगी धनकोला जप्त करता येत नाही. पगारदाराच्या बाबतीत न्यू जर्सीत अल्प उत्पन्न असेल, तर कोर्टाच्या हुकमानेही सामान्यतः दहा टक्क्यांहून अधिक पगार कापला जात नाही. करारावरील दाव्याची मुदत येथे सहा वर्षे आहे, पण जुन्या कर्जावर थोडीशी रक्कम भरली तरी ती मुदत नव्याने सुरू होऊ शकते. म्हणून फोनवरच्या माणसाला 'बरं, वीस डॉलर घ्या' असे विचार न करता म्हणू नये.

दुसरी वाट म्हणजे ना-नफा समुपदेशन संस्थेमार्फत हप्ते बांधून घेणे. व्याज उतरते, मुद्दल मात्र पूर्ण फेडावे लागते, साधारण तीन ते पाच वर्षांत. ज्याच्या हाती दरमहा थोडे तरी उरते, त्याला हे योग्य. आमच्या हाती काहीच उरत नव्हते.

तिसरी वाट दिवाळखोरीची. तिचे दोन प्रकार सामान्य कुटुंबाच्या कामाचे आहेत. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षे हप्ते भरायचे असतात. घराचे थकलेले हप्ते भरून घर वाचवू पाहणाऱ्याला तो उपयोगी पडतो. चॅप्टर ७ मध्ये संरक्षित मर्यादेपलीकडची मालमत्ता विश्वस्ताच्या ताब्यात जाते आणि कार्डे, रुग्णालय यांसारखी बहुतेक कर्जे साधारण चार महिन्यांत माफ होतात. कुटुंबाचे उत्पन्न राज्यातील तेवढ्याच मोठ्या कुटुंबाच्या मध्यक उत्पन्नाहून कमी असेल, तर पात्रतेची पहिली पायरी पार होते. चॅप्टर ७ चे शुल्क ३३८ डॉलर आहे. उत्पन्न दारिद्र्यमर्यादेच्या दीडपटीहून कमी असेल, तर न्यायालय ते माफ करू शकते, नाहीतर हप्ते करून देते. अर्जापूर्वी समुपदेशनाचा एक वर्ग करावा लागतो, अर्जानंतर आणखी एक. अर्ज दाखल होताक्षणी वसुली थांबते. फोन, दावे, पगारातील कपात, सर्व.

सर्वच सुटत नाही, हेही स्पष्ट सांगतो. मुलांची पोटगी सुटत नाही, अलीकडचे बहुतेक कर सुटत नाहीत, आणि विद्यार्थी-कर्ज वेगळा दावा करून असह्य हालअपेष्टा सिद्ध केल्याखेरीज सुटत नाही. आपल्या कर्जाला कोणी जामीन राहिला असेल, तर आपण सुटलो तरी तो चॅप्टर ७ मध्ये सुटत नाही. क्रेडिटच्या नोंदीत चॅप्टर ७ दहा वर्षांपर्यंत राहू शकते. अनेकजण हळूच विचारतात, म्हणून सांगतो: या देशाचे नागरिक नसलेल्यांनाही अर्ज करता येतो, आणि प्रामाणिकपणे केलेला अर्ज हा स्वतःहून नागरिकत्वाच्या आड येत नाही. खोटी माहिती मात्र येते.

बंधुभगिनींनो, कर्जमाफीचे नाव काढताच आपल्यापैकी काहींच्या मनात फसवणुकीचा विचार येतो. माझ्याही आला. तेव्हा मला आपल्या मुलखाचा इतिहास आठवला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या, आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोहोचले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला कर्जाचा हिशेब आरंभापासून उलगडून पाहण्याचा अधिकार दिला. वही जाळणे निराळे आणि न्यायासनासमोर वही उघडणे निराळे. मी खणात पाकिटे कोंबीत होतो, तेव्हा माझ्या परीने वहीच जाळीत होतो. दिवाळखोरीच्या अर्जाने मला ती उघडायला लावली. प्रत्येक देणे, प्रत्येक दागिना, बँकेतील प्रत्येक डॉलर शपथेवर लिहावा लागला.

आपल्या तोरातही ऋणकोच्या घराला उंबरठा आहे. धनकोने तारण घेण्यासाठी आत शिरू नये, आणि ज्याच्यावर माणसाचे पोट चालते ते जाते तारण म्हणून घेऊ नये, अशी आज्ञा आहे. आपले पूर्वज कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. ज्याचा घाणा नेला, तो कर्ज फेडणार कशाने, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अमेरिकेच्या कायद्यातही कपडे, घरातील वस्तू, कामाची हत्यारे आणि ठरावीक किमतीपर्यंतची गाडी यांना संरक्षण आहे. आमच्या घरातून एक पातेलेही गेले नाही.

आता चौथी चूक. माझ्या मेहुण्यांनी, म्हणजे पत्नीच्या थोरल्या भावाने, आम्हाला सहा हजार डॉलर हातउसने दिले होते. माझ्या मनात होते, की कराचा परतावा आला की अर्ज करण्यापूर्वी त्यांना तीन हजार द्यावेत. बँका बुडाल्या तरी चालतील, दादांचे पैसे बुडता कामा नयेत. वकीलबाईंनी हात वर करून मला थांबवले. अर्जापूर्वीच्या एका वर्षात नातेवाइकाला फेडलेले पैसे विश्वस्त त्या नातेवाइकाकडून परत मागू शकतो. म्हणजे ज्यांना मी वाचवू पाहत होतो, त्यांच्याच दारी मी विश्वस्त धाडला असता. पत्नीचे दागिने बहिणीकडे ठेवण्याचा विचारही त्यांनी खोडून काढला. असे हस्तांतर उलटवले जाते, आणि लपवल्याचे दिसले तर माफीच हातची जाते. दागिने यादीत लिहिले. ते मर्यादेत बसले आणि घरातच राहिले.

पण दादांचे नावही धनकोंच्या यादीत लिहावे लागले. त्यांना न्यायालयाची नोटीस गेली. रात्री त्यांचा फोन आला. 'भावोजी, मला कोर्टाचा कागद? मी काय सावकार आहे तुमचा?' नोटीस जाण्यापूर्वी मी स्वतः जाऊन त्यांना सांगायला हवे होते. तेवढेही धैर्य मला झाले नाही. त्या वर्षी आमच्या घरच्या मलिद्याला ते आले नाहीत. विश्वस्तासमोरची माझी बैठक दहा मिनिटांत आटोपली. त्या एका फोनची रात्र अजून आटोपलेली नाही.

माफीचा हुकूम आल्यावर वकीलबाईंनी एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. माफ झालेले कर्ज कोणी आपणहून फेडू म्हटले, तर कायदा त्याला अडवीत नाही. मी दरमहा शंभर डॉलर बाजूला काढू लागलो. एका रोश हशानाच्या आधी पाकीट घेऊन दादांकडे गेलो. ते म्हणाले, 'राहू द्या, भावोजी. कोर्टाने सोडले, मीही सोडले.' मी म्हणालो, 'सोडले असले, तरीही.' त्यांनी बराच वेळ पाकिटाकडे पाहिले, मग घेतले आणि आत चहा सांगितला.

पुढे आपल्या हाझानसाहेबांनी मला मिश्नातील शेमिताचा भाग वाचून दाखवला. सातव्या वर्षी कर्ज सुटते. तरीही कोणी फेडायला आला, तर धनकोने मी सोडले आहे असे म्हणावे. त्यावरही ऋणकोने आग्रह धरला, तर पैसे घ्यावेत. अशा ऋणकोवर ज्ञानी जन प्रसन्न असतात. आम्हा दोघांना हे ठाऊक नव्हते, आणि आम्ही नेमके तेच संवाद बोललो होतो. दादांचे अजून अकराशे डॉलर देणे आहे.

माझी विनंती एवढीच. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा खण असेल, तर निवृत्तीचे खाते मोडण्यापूर्वी, दागिने विकण्यापूर्वी आणि समन्स येण्यापूर्वी तो उघडा. एकट्याने उघडवत नसेल, तर मला बोलवा. मी सल्ला देणार नाही, तो वकिलांचा अधिकार. मी शेजारी बसून पाकिटे फोडीन आणि तारखांप्रमाणे लावून देईन. तेवढे काम मला आता येते.

आपणा सर्वांना शाना तोवा.