साम्पितमध्ये माणसं का मारली गेली?



बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियन भागाला कालीमंतान म्हणतात. तिथल्या साम्पित या बंदरगावात फेब्रुवारी २००१ मध्ये तिथले आदिवासी दायाक आणि मदुरा बेटावरून आलेले मदुरी यांच्यात दंगल पेटली. सुमारे पाचशे माणसं मारली गेली, बहुतेक मदुरी. एक लाखाच्या आसपास लोक देशोधडीला लागले. मुंडकी उडवल्याच्या बातम्या जगभर झळकल्या आणि आदिवासींचं रक्तच तापट, असं म्हणून अनेकांनी विषय मिटवला. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. शिरच्छेदाची प्रथा सोडायचं तर दायाक प्रमुखांनी १८९४ मध्येच तुंबांग आनोईच्या सभेत ठरवलं होतं.

मदुरा हे जावाजवळचं कोरडवाहू बेट. पोटासाठी परमुलुख गाठणं तिथे पिढीजात. मदुरी माणसं बहुतांशी स्वतःच्या हिमतीवर कालीमंतानला आली आणि धक्क्यावरची हमाली, सायकलरिक्षा, बाजारातली छोटी दुकानं यांवर जगू लागली.

दायाकांचा संसार फिरत्या शेतीवर आणि जंगलातल्या वेतावर. १९६७ च्या वनकायद्यानं जंगलावर सरकारचा ताबा आला. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीनं ते लाकूड कंपन्यांना वाटून टाकलं. १९७९ च्या कायद्यानं साऱ्या देशातल्या गावकारभाराला एकच साचा लावला आणि तंटे मिटवणाऱ्या जुन्या जाणत्यांचा अधिकार गेला. जमातींमधल्या तेढीबद्दल उघड बोलायचीही सोय नव्हती. मग एखादी भोसकाभोसकी झाली की निवाडा कुणी करायचा? एकाचा गुन्हा अख्ख्या समाजाच्या माथी बसू लागला.

साम्पितच्या आधीच, १९९७ च्या सुमारास, पश्चिम कालीमंतानात दायाकांमध्ये मदुरींविरुद्ध लाल वाडगा गावोगाव फिरला. रक्त आणि कोंबडीची पिसं असलेला हा वाडगा म्हणजे लढाईची हाक. ज्या गावी पोचेल त्यानं तो पुढच्या गावी धाडायचा. १९९९ मध्ये त्याच भागातल्या सांबासला मलय लोक मदुरींवर उठले आणि दायाकही त्यांना मिळाले. मलयही मुसलमान, मदुरीही मुसलमान. तेव्हा हा धर्माचा झगडा होता, हे म्हणणं टिकत नाही.

लाकूड कंपन्यांच्या पाठीशी सत्ता होती, त्यांच्यावर राग काढता येत नव्हता. मदुरी शेजारी हाताशी होता, आणि तोही गरीबच. त्याच्या लेकराबाळांवर कोयता चालवण्याला कुठलंच कारण पुरेसं नाही.

साम्पितमधून वाचलेल्या मदुरींना जहाजांनी जावा आणि मदुराला नेलं. त्यांतल्या कित्येकांचा जन्म कालीमंतानातच झालेला होता. पुढच्या वर्षांत काहीजण साम्पितला परतले. आज त्या जिल्ह्यात पाम तेलाचे प्रचंड मळे आहेत आणि जमिनीवरून गावकऱ्यांचे कंपन्यांशी तंटे चालूच आहेत.