घटस्फोट झाला, पण घरावरचा बोजा उतरला का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण खाप्यात आपण घरे केली ती कर्ज काढून, आणि बऱ्याच जणांनी नवरा-बायको दोघांच्या नावाने. आता मुलेही तसेच करतात. संसार मोडू नये हीच सगळ्यांची इच्छा. पण मोडलाच, तर घराचे काय करायचे ते माहीत असलेले बरे. बँकेत नोकरी झाली, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कर्जाची. घटस्फोटाचा हुकूमनामा त्या दोघांना बांधतो, बँकेला नाही. ‘हप्ते बायको भरील’ असे त्यात लिहिले तरी कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या असतील, तर बँक दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ४३ तेच सांगते. हप्ता थकला की दोघांचेही सिबिल बिघडते. नाव काढायचे तर एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज नव्याने मंजूर करून घ्यावे लागते. ते बसते का, हे तडजोडीवर सही करण्याआधीच बँकेत विचारा.

दुसरी गोष्ट मालकीची. नोकरीत पाहिलेले उदाहरण सांगतो. एका बाईने घटस्फोटानंतर सगळे हप्ते एकटीने भरले, कर्ज फेडले. मुलीच्या शिक्षणासाठी घर विकायला काढले, तर घेणाऱ्याचा वकील म्हणाला, दुसऱ्या मालकाची सही आणा. तडजोडीत घराबद्दल एक ओळ नव्हती. त्या गृहस्थाने निम्मी किंमत मागितली आणि सौदा मोडला. कर्ज फिटले म्हणून मालकी बदलत नाही, बरं का! त्यासाठी हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही.

तिसरी गोष्ट पोटगीची. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे न्यायालय पोटगीसाठी घरावर बोजा ठेवू शकते. हुकूमनाम्याची रक्कम न्यायालयाबाहेर हातोहात दिली, तर ती पोचल्याची नोंद न्यायालयात करून घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २१, नियम २ आहे. नोंद नसलेली रक्कम वसुलीच्या वेळी धरली जात नाही. पैसे देऊनही देणेकरी राहायचे, असा प्रकार होतो. नोंद झाली की त्या आदेशाची प्रत घेऊन सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कात’ किंवा मिळकत पत्रिकेवर चढलेला बोजा कमी करून घ्या.

चौथी गोष्ट कर्ज फिटल्यावरची. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे आणि बोजाही उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बँकेचे पत्र आपल्या सोसायटीतही आणून द्या, म्हणजे आमच्या रजिस्टरातला बोजा निघेल. त्याच वेळी नॉमिनीचा फॉर्म बघा. घटस्फोट झाला म्हणून सोसायटीतले जुने नाव आपोआप खोडले जात नाही. नवा फॉर्म तुम्हालाच भरावा लागतो.

आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले, की पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्यात घर, कर्ज, हप्ते खरेखुरे लिहा. पुढचे वाद तिथेच कमी होतात.

थोडक्यात काय, तर ज्या दप्तरात नाव चढले त्याच दप्तरात ते उतरवावे लागते. बँक, निबंधक, तलाठी आणि सोसायटी, सगळीकडे वेगवेगळे. आणि हे काम दोघेही सही करायला समोर आहेत तोवर करावे. दहा वर्षांनी एक पुण्यात, एक परदेशात. मग सही कोणाची आणणार?

घरातल्या कोणावर अशी वेळ आली, तर लाजू नका. कागद घेऊन वकिलाकडे जा, आणि बँकेचे काही अडले तर माझ्याकडे या. संध्याकाळी मी घरीच असतो.