शिष्यवृत्तीचे ऋण कसे फेडावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकारच कळवला. भाषणाची सवय नाही, असे कारण दिले. ते खरे नव्हते. सारा जन्म मी शाळेत शिकवण्यात घालवला आहे. खरे कारण असे की, याच मंडळाच्या शिष्यवृत्तीवर मी शिकले, ही गोष्ट मी आजवर चारचौघींत कधी उच्चारली नव्हती. सासरीसुद्धा ती कोणाला ठाऊक नव्हती. आज ती सांगून टाकते.

१९८१ साली मी दहावी झाले. वडिलांची नोकरी नुकतीच सुटली होती. मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षबाई घरी आल्या आणि आईच्या हाती पाकीट ठेवून गेल्या. पुढली दोन वर्षे माझी फी आणि पुस्तके त्यातून झाली. पण कॉलेज दूर, आणि बसभाड्याची सोय नव्हती. मी रोज तासभर चालत जाई. पावसाळ्यात ओल्या लुगड्याने वर्गात बसे. एकदा सांगितले असते तर बाईंनी नक्की काही केले असते. पण मिळालेल्यावर आणखी मागावे कसे, म्हणून मी गप्प राहिले.

पुढे नोकरी लागली. मोठी रक्कम साठली की एकदम नेऊन द्यायची, असे ठरवले. संसारात ती साठता साठेना. अखेर साठली तेव्हा चेक घेऊन बाईंच्या घरी गेले. दार सूनबाईंनी उघडले. बाईंना जाऊन चार महिने झाले होते.

म्हणून शिष्यवृत्ती घेतलेल्या मुलींना माझे पहिले सांगणे हे की, मोठ्या रकमेची वाट पाहू नका. पहिल्या पगारातून जमेल ते द्या, आणि दरवर्षी द्या. ही शिष्यवृत्ती म्हणजे कर्ज नव्हे. हिशेब कोणी मागणार नाही. म्हणूनच तो आपण आपल्याशी ठेवायचा.

दुसरे, पैसा नसेल तर वेळ द्या. पार्वतीबाई आठवल्यांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. वैधव्यानंतर त्या शिकल्या, अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमाच्या कामाला लागल्या, आणि त्याच आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडल्या. १९१८ साली तर अमेरिकेला गेल्या. त्यांच्यापाशी धन कुठे होते? आपल्याला इतके दूर जायचे नाही. एखाद्या मुलीचा अर्ज भरून द्यावा, दाखल्यांसाठी तिच्याबरोबर कचेरीत जावे, आठवड्यातून दोनदा गणित घ्यावे, एवढे पुष्कळ झाले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मदत घेताना काय वाटते, कुठे अडते, हे देणारीला कळत नाही. ते घेतलेलीलाच ठाऊक असते. गेल्या वर्षी निवड समितीत मला बसवले होते. शहरात राहून नर्सिंग शिकणारी एक मुलगी आली. तिची फी मंडळ भरत होते. सर्व ठीक आहे ना, असे विचारल्यावर ती "हो" म्हणाली. तसे "हो" मीही म्हणत असे! मी विचारले, "दुपारी जेवतेस कुठे?" तिने मान खाली घातली. मेसचे पैसे परवडत नाहीत म्हणून ती एकवेळच जेवत होती. त्या महिन्यापासून मंडळाने तिच्या मेसचा खर्च उचलला. समितीतल्या भगिनी माझ्याहून शहाण्या आहेत. फक्त तो प्रश्न त्यांना सुचण्याचे कारण नव्हते.

मंडळालाही एक विनंती. मुलींना व्यासपीठावर उभे करून पाकिटे देऊ नका. आपली गोष्ट केव्हा सांगायची, ते त्यांना ठरवू द्या. मला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्यांना कमी लागो.

तो चेक मी त्या वेळी मंडळात जमा केला. बाईंना द्यायचे होते ते मात्र राहिले. ते आता मी दर शनिवारी मंडळाच्या खोलीत मुलींचे गणित घेऊन देते आहे. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या आणखी कोणी इथे बसल्या असतील, तर कार्यक्रमानंतर चिटणीसबाईंकडे हळूच नाव द्यावे. मोठ्याने सांगायलाच हवे असे नाही.