केरसुणीची मूठ

आश्विन अमावास्येला, लक्ष्मीपूजनाच्या वेळी, आपल्याकडे घरोघरी नवी केरसुणी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहतात. तिला आपण लक्ष्मीच म्हणतो आणि चुकून पाय लागला तर नमस्कारही करतो. तथापि ती वळणारे हात कोणाचे, हा प्रश्न एम. ए. होऊन सरकारी खुर्चीवर बसलेल्या मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नव्हता.

2019 साली कामानिमित्त एका खेड्यात माझा आठवडाभर मुक्काम होता. केरसुण्या आणि दोरखंडे वळण्याचे काम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाने केले. तेथील वस्तीत एक वृद्ध बाई अंगणात काम करीत बसल्या होत्या. "आजी, मला शिकवाल का?" असे मी विचारले.

"सायबांनी सही करावी, ह्ये कशापायी?" त्या म्हणाल्या; पण एक फडा माझ्याकडे सरकवला.

कोकणात माडाच्या हिरांचा खराटा होतो, ईशान्येकडील डोंगरांत गवताच्या तुऱ्यांचा झाडू होतो. आमच्या देशावरची केरसुणी मात्र शिंदीच्या पानांची. शिंदीच्या फड्याला बुडाशी सुईसारखे काटे असतात. शिक्षणाचा आरंभ त्यांनीच होतो! काटे तासायचे, पाती वाळवायची, मग पाणी शिंपडून ती पुन्हा नरम करायची. कोरडे पाते वळताना मोडते, फार ओले राहिले तर काळे पडते. ही मधली अवस्था ओळखता येईना, तेव्हा आजी म्हणाल्या, "बोटाला इचारा, डोळ्याला न्हाई कळायचं." त्यानंतर लोखंडी दात्यांवर पाती विंचरून बारीक करायची, झुबके जुळवायचे आणि मूठ आवळायची. आवळताना दोरीचे एक टोक पायाच्या अंगठ्यात धरतात. माझा अंगठा दोरी धरी, तर हात सुटत. हात धरीत, तर अंगठा.

"फडे कुठून आणता?" तिसऱ्या दिवशी मी सहज विचारले.

"हितंच वढ्याकाठी व्हती झाडं. वढा रुंद केला, तवा समदी गेली. आता दोन कोस जावं लागतंय."

तो प्रस्ताव माझ्या मेजावरून गेला होता. "काठावरील निरुपयोगी झुडपे काढण्यास हरकत नाही" हे वाक्यही माझेच. ओढ्याला पूर येत असे, रुंदीकरण आवश्यक होते. परंतु 'निरुपयोगी' हा शब्द मी कोणाला विचारून लिहिला होता? त्या दिवशी आजींना हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी सांगितले. त्या क्षणभर थांबल्या, मग पुन्हा पाती विंचरू लागल्या. पुढील पावसाळ्यात काठावर शिंदीची रोपे लावविली. त्यांचे फडे कापण्याजोगे होण्यास वर्षे लागतात.

निघताना मी माझ्या केरसुणीची किंमत विचारली. आजींनी ती उलटीसुलटी करून पाहिली, मूठ जराशी पिळली. ती लगेच सैल झाली.

"ही इकायची न्हाई, सायेब," त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक माघारी आणून दील."