डब्यातला कोळसा

लाकूड उघड्यावर जाळलं की मागे उरते राख. तेच हवा न लागू देता तापवलं की उरतो कोळसा. लोणाऱ्यांच्या मातीने लिंपलेल्या भट्ट्यांमागचं तंत्र एवढंच. घरी त्यासाठी झाकणाचा पत्र्याचा डबा पुरतो.

छाटणीतल्या बाभळीच्या फांद्या घ्या, अंगठ्याएवढ्या जाड, खडखडीत वाळलेल्या. तुकडे डब्यात गच्च भरा, झाकण घट्ट बसवा आणि त्याला खिळ्याने एक भोक पाडा. भोक विसरलात तर आतल्या दाबाने झाकण उडेल! डबा मोकळ्या अंगणात, जाळाच्या मधोमध ठेवा. आधी पांढरी वाफ येते, मग पिवळसर, डोळ्यांत झोंबणारा धूर. त्या धुरातला वायू पेटला की भोकावर ज्योत नाचते. ती आपोआप विझली की काम झालं. चिमट्याने डबा बाजूला घ्या, भोक चिखलाने बुजवा आणि रात्रभर उघडू नका. गरम कोळशाला हवा लागली की तो पेटतो. बहुतेकांची घाई इथेच नडते.

चांगला कोळसा काळाकुळीत आणि हलका असतो, मोडताना कडकन वाजतो. गाभा तपकिरी दिसला तर तो कच्चा. पुढच्या खेपेत टाका. चार-पाच किलो लाकडामागे जेमतेम किलोभर कोळसा मिळतो, त्यामुळे उभं झाड तोडून हा उद्योग करणं आतबट्ट्याचंच. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने तर उसाच्या पाचटापासून कोळसा केला आणि 2002 साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळवला.

आणि हो, कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास.