कांचेच्या टाकींतील भांडखोर मासे



दिवाणखान्यांत कांचेची टाकी ठेवण्याची हौस शहरांतील पुष्कळ घरांतून दिसते. दुकानांत गेल्यावर नजर खिळते ती बहुधा सिक्लिड कुळांतील माशांवर. रंग तजेलदार, चाल डौलदार, आणि अन्न घालणाऱ्यास ओळखून कांचेशीं येण्याइतकी हुशारी! परंतु हे मासे स्वभावानें तापट. ह्या तापटपणाचें मूळ समजून घेतल्याखेरीज त्यांची व त्यांच्या शेजाऱ्यांची निवड करूं नये, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

हें कूळ मोठें. आफ्रिकेंतील सरोवरांत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेंतील नद्यांत त्याच्या शेंकडों जाती आहेत. गोव्यांत ज्यास काळुंदर म्हणतात व केरळांत करीमीन, तो मासाही ह्याच कुळांतला. अंडीं टाकून निघून जाण्याची रीत ह्या कुळांत नाहीं. अंड्यांची व पिलांची राखण कोठें आईबाप दोघेंही करतात, तर कोठें एकच. राखण म्हटली म्हणजे जागा हवी, आणि जागा हवी म्हणजे परक्यास हुसकावणें आलें. आपण ज्यास दुष्टपणा म्हणतों, तें बव्हंशीं घर राखणें असतें.

नदींत हरलेला मासा दूर निघून जातो. टाकींत तो जाणार कोठें? वर्गांतील दोन भांडखोर मुलांस मास्तर वेगळ्या बाकांवर बसवितो. लहान टाकींत दुसरें बाकच नसतें.

म्हणून आधीं टाकी मोजावी, मग मासा निवडावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकींत सुमारें ५५ लिटर पाणी मावतें. दुकानांत दोन इंचांचा दिसणारा ऑस्कर फूटभर वाढतो. १९९० नंतरच्या दशकांत मलेशियांत संकरानें निपजलेला, आणि भाग्य आणणारा म्हणून खपणारा फ्लॉवरहॉर्नही तसाच. १९१९ ते १९२६ पर्यंत मुष्टियुद्धांत जगज्जेता असलेल्या जॅक डेम्प्सीचें नांव मिळालेला मासा वीतभर होतो. ह्यांपैकीं एकही ह्या टाकींत घालूं नये.

अशा टाकीस आफ्रिकेंतील टांगानिका सरोवरांतील, गोगलगाईच्या रिकाम्या शंखांत राहणारे दीड-दोन इंचांचे सिक्लिड शोभतात. तळाशीं बारीक वाळू व पुष्कळ शंख ठेवावे. पाणी जड लागतें. त्यासाठीं पोवळ्यांचा चुरा घालतां येतो. ह्यांना सोबती नकोत.

टाकी तीन फुटांची असल्यास मध्य अमेरिकेंतील पट्टेदार कॉन्व्हिक्टची एक जोडी ठेवावी, तीही एकटीच. टाकी चार फुटांची असेल, तरच वरच्या थरांत पोहणारे चपळ जायंट डॅनिओ सहा-आठ सोबत द्यावे. त्यांचे भाईबंद सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. गप्पी देऊं नये. तो भक्ष्य होतो. गोल्डफिशही नको, तो मंद, आणि त्याचे पर कुरतडले जातात. सोबती आधीं सोडावे, कॉन्व्हिक्ट मागाहून. नवा मासा घालतांना दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुनी मालकी मोडते. दर आठवड्यास सुमारें चौथाई पाणी बदलावें.

एखादा मासा पृष्ठभागाच्या कोपऱ्यांत दडून राहिला, अन्नास येईना, पर फाटलेले दिसले, तर उद्यांची वाट पाहूं नये. त्याच दिवशीं त्यास वेगळा करावा. वाढलेला मासा परत घ्याल काय, हें दुकानदारास विकत घेण्यापूर्वींच विचारावें. नकोसा झालेला मासा तळ्यांत वा नदींत मात्र कधींही सोडूं नये. परका मासा तेथील देशी माशांची जागा बळकावूं शकतो.

मुक्या जिवास घरीं आणतांना त्याचें सारें जगच आपण मोजून देत असतों. तें पुरेसें मोठें द्यावें, नाहीं तर मासा लहान निवडावा.