चिल्ला संपला, आजार नाही



आज मी माझ्या बाजीची गोष्ट सांगणार आहे. तिला विचारूनच सांगतेय.

आमचं घर जळगावला, बाजी दिली धुळ्याला. दुसऱ्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली. मुलगा झाला. अम्मीने चिल्ल्याचे चाळीस दिवस मनापासून केले. डिंकाचे लाडू, मालिश, शेक, काही कमी पडू दिलं नाही. बाजी मात्र रोज रडायची. बाळ झोपलं तरी तिला झोप यायची नाही. अम्मी म्हणाली, "सबको होता है." खाला म्हणाली, "नजर लगी है." मी तेव्हा बारावीला होते. मी काहीच म्हणाले नाही.

चिल्ला संपला, बाजी धुळ्याला गेली. दूल्हाभाई यंत्रमागावर रात्रपाळी करायचे. घरात सतत रडणं, म्हणून ते दिवसाही बाहेरच राहू लागले. सासू म्हणायची, माहेरच्यांनी बिघडवली. अम्मी म्हणायची, सासरी छळतात. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. बाळाचं वजन वाढेना, एक लस राहून गेली. चार वर्षांची भाची आईजवळ जायला घाबरू लागली. बाळ आठ महिन्यांचं असताना बाजी मला फोनवर म्हणाली, "मैं नहीं रही तो बच्चे अच्छे पलेंगे."

त्या आठ महिन्यांत ताबीज झाले, दम केलेलं पाणी झालं. डॉक्टरकडे नेलं ते फक्त बाळाला. शेवटी आम्ही बाजीला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. औषधं आणि समुपदेशन सुरू झालं, काही महिन्यांत ती सावरली. या आजाराचं नाव प्रसूतीनंतरचं नैराश्य, म्हणजे पोस्टपार्टम डिप्रेशन.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं साधं आहे. ते आपोआप कमी होतं. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक गेली, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, तर तो आजार आहे. त्यात ना ईमान कमजोर असतं, ना आई वाईट असते. भास होत असतील, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हे आमच्याच घरात झालं असंही नाही. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात २७० मातांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचाही त्यात वाटा होता. पुढच्या अभ्यासात दिसलं की अशा मातांच्या बाळांचं वजन कमी राहण्याचा धोका दुपटीहून जास्त होता. बाजीचं बाळ का वाढत नव्हतं, ते मला हे वाचून कळलं.

उपाय फार लांब नाहीत. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या आरोग्यसेविकांना बोलण्याचं प्रशिक्षण दिलं. त्यांनी घरी जाऊन नैराश्यातल्या मातांशी संवाद ठेवला. सहा महिन्यांनी त्यांच्यात २३ टक्के माता आजारी उरल्या, इतर गावांत ५३ टक्के. आपल्याकडे आशाताई बाळासाठी ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात, म्हणजे चिल्ला संपेपर्यंत. "आईला झोप लागत नाही, ती रडते," एवढं त्यांना सांगा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

आमच्या घरातली भीती वेगळीच होती. लोक पागल म्हणतील, बाळ काढून घेतील. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की आईला दाखल करावं लागलं, तरी तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतील अशी औषधं आहेत. डॉक्टरांना तसं सांगायचं.

इथे बसलेल्या भावांना खास सांगते. हे बायकांचं काम म्हणून बाजूला होऊ नका. रात्री एकदा बाळ तुम्ही घ्या, तिला सलग चार तास झोपू द्या. डॉक्टरकडे सोबत जा. दूल्हाभाई आज म्हणतात, "मला वाटलं ती माझ्यावर नाराज आहे." त्यांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

आता गल्लीत कुणाची छट्टी असेल, तर बाळाला बघा, झबलं-टोपडं द्या. मग आईजवळ पाच मिनिटं बसा आणि विचारा, "तू कशी आहेस? झोप लागते का?" ती रडली तर घाबरू नका, ऐकून घ्या.

मी बारावीत असताना हे विचारलं नाही. तुम्ही विचारा.